टिटवीवर घेतलेली लेन्सची टेस्ट

मार्च संपत आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी यायला लागतो. ताई, प्राइम घेऊ का झूम? विचारणारे बहुतेक कॉलेजचे. शेवटचा पेपर टाकलेला असतो, दिवाळीपासून घरच्यांच्या मागं लागून लागून लेन्सला एकदाचं 'हो' मिळालेलं असतं. पक्ष्यांचे फोटो काढायचेत म्हणजे लांबचं जवळ आणणारी मोठी टेली लेन्स पाहिजे, आणि त्यात दोन जाती. एक प्राइम, एकाच आकड्याला खिळलेली. दुसरी झूम, मागंपुढं होणारी. मग त्यांना कुणीतरी सांगतं, सांगलीच्या प्राजक्ताताईनं टेस्ट केलीय बघ, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून, तिला विचार.

आणि मी उत्तर द्यायला बसले की बोटं जड होतात. माझी! जिला सगळे म्हणतात की तू विचार करायच्या आधी टाइप करतेस, तिची!

काल ऋतुजाचा मेसेज आला. ऋतुजा आमच्या विश्रामबागेतलीच, दोन गल्ल्या सोडून, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मी पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला तेव्हा मी होते तशीच आहे ती, म्हणजे एका वाक्यात चार उद्गारचिन्हं. "ताईईई घरटं सापडलं!! माळटिटवीचं!! मिरजेच्या पुढं माळावर! चार अंडी!! रविवारी आम्ही तिघी दोन्ही लेन्सेस घेऊन जातोय, सेम तुझ्यासारखी टेस्ट! तू लिहिलंयस ना, घरट्यावरचा पक्षी हलत नाही म्हणून!"

हो. लिहिलंय मी. टेस्टच्या पोस्टमधली पहिलीच टीप आहे ती. अजून तिथंच आहे.

मेसेज वाचला आणि खिडकीतून ते ऊन दिसलं. सकाळी साडेदहाचं, पांढरं, सपाट ऊन, ज्यात रंग उडून जातात. नुसतं 'बघते' लिहिलं आणि फोन उलटा ठेवला.

दोन वर्षं झाली त्या एप्रिलला. मला तो आधी वासानं आठवतो. तासगाव मागं टाकलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याच्या शेड लागतात, हिरव्या जाळीच्या, आत द्राक्षं पसरून वाळत घातलेली, आणि गंधकाचा तो घशात बसणारा वास. मला तो लय आवडतो, काय करू! पहाटे अंधारातच निघालेली मी स्कूटीवर, पाठीवर झूम, दीडशे ते सहाशेची, आकडा जितका मोठा तितका पक्षी जवळ, नवीकोरी. विट्यात उजाडायचं. विट्याच्या पुढं झाडं कमी कमी होत जातात आणि मग सुरू होतो माळ. आधी मला वाटायचं माळ म्हणजे काहीच नसलेली जागा. खुरटं पिवळं गवत, दगड, कुठं एखादी बाभळ. मंगेशदादानं शिकवलं की इथं बघायचं कसं. उभं राहायचं, गप्प बसायचं, आणि एखादा दगड चालायला लागेपर्यंत वाट बघायची.

मंगेशदादा साताऱ्याचा. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. लग्नसराईत लग्नांचे फोटो काढतो आणि एक सुट्टी मिळाली की पक्ष्यांमागं. फोटोवाल्यांच्या एका ग्रुपवर ओळख झाली, मग तो साताऱ्याकडून यायचा, मी सांगलीकडून, आणि मधे मायणीत चहा. त्याच्याकडं पाचशेची प्राइम होती, जुनी, सेकंडहँड, रंग उडालेली. पण काय लेन्स! ती बॅगेतून काढताना तो असा काढायचा की जसं काय झोपलेलं मूल उचलतोय. मी माझी झूम चहाच्या टेबलावर ठेवली होती, बिस्किटाच्या पुड्याशेजारी.

"प्राजे, तुझी ती पिचकारी आण," तो म्हणायचा. झूम फिरवली की पुढं लांब होते ना, म्हणून पिचकारी.

"दादा, पिचकारी तर पिचकारी. तुझा तो खांब घेऊन वळेपर्यंत पक्षी उडून सोलापुरात पोचतो."

"पोचू दे की. जो थांबतो त्याचा फोटो बघ तू माझ्याकडं. एकेक पीस मोजून घे."

हेच भांडण, दर वेळी. आणि त्याच भांडणातून ठरलं की एकदा निकाल लावायचाच. नीट, शास्त्रशुद्ध. एकच कॅमेरा, एकच ट्रायपॉड, तोच पक्षी, तेच अंतर, तोच प्रकाश, फक्त लेन्स बदलायची. पण पक्षी काय कुंडी आहे का, एका जागी बसायला? आणि मग मीच म्हणाले. हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही, पण कल्पना माझी होती. मागच्या रविवारी आम्हाला माळावर एक टिटवी बसलेली दिसली होती, अंड्यांवर. मी टाळी वाजवून म्हणाले, "दादा, घरट्यावरची! ती हलणारच नाही!"

माळटिटवी बघितलीय का तुम्ही? आपल्या मैदानावर 'टिटिव टिटिव' करत डोकं उठवते ती नाही. ही तिची माळावरची बहीण. डोक्यावर काळी टोपी, चोचीपासून डोळ्यापुढं लोंबणारी पिवळी पाळी, पाय पिवळे, पोट पांढरं. अंगाचा रंग मात्र मातीचाच. घरटं म्हणजे काही नाहीच हो, जमिनीवर एक बशीएवढा खळगा आणि त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत केलेली, खड्यांसारखी दिसणारी. सावली नाही. आडोसा नाही. फक्त ती.

पावणेआठच्या आधी आम्ही सुरू केलं. पन्नास पावलांवर ट्रायपॉड लावला, दोघं खाली बसलो, अंगावर मळकट हिरवं कापड ओढून. ऊन कोवळं, तिरकं. आधी त्याची प्राइम लावली. स्क्रीनवर फोटो मोठा केला. तिच्या डोळ्यात क्षितिज दिसत होतं! खोटं नाही सांगत, डोळ्याच्या बाहुलीत माळाची रेघ होती आणि तिच्यावर सूर्याचा ठिपका. मागचं गवत विरघळून नुसता मधाचा रंग झालेला. मग माझी झूम, पाचशेवर. चांगला होता, खरंच चांगला होता, पण डोळ्याच्या कडेला अगदी हलकी साय आल्यासारखी. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, ते लहान करून आठवर नेलं, तर साय गेली. जवळपास तसाच फोटो!

"बघ! बघ! पिचकारी!" मी कुजबुजत ओरडले. कुजबुजत ओरडता येतं, तेव्हा कळलं.

"डोळा मोठा कर. अजून मोठा. डोळाच बघायचा, बाकी काय बघू नकोस. डोळा शार्प तर फोटो शार्प." तो त्याचा नियम. मी तो इतका मनापासून पाळला की काय सांगू.

तिथं थांबलो असतो तर. पण टेस्ट म्हणल्यावर सगळं करायचं होतं ना. तीनशेवर, चारशेवर, सहाशेवर. प्राइमला कन्व्हर्टर लावून, म्हणजे मागं एक छोटं भिंग जोडून ताकद वाढवून. प्रत्येक अ‍ॅपर्चरला तीन-तीन. मी वहीत तक्ता केला होता, रेघा मारून, लाल पेननं. कधी अभ्यासाचा केला नाही इतका सुबक तक्ता.

साडेनऊनंतर फोटो बिघडायला लागले. साय परत आली, आणि ह्या वेळी दोन्ही लेन्सेसवर. डोळा मोठा केला की लिबलिबीत, पाण्यात पडल्यासारखा. झूम खराब आली तर समजू शकतं, पण प्राइम? मंगेशदादाचा चेहरा उतरला. त्यानं लेन्स पुसली, परत पुसली, फोकस तपासला, ट्रायपॉडच्या पायाला दगड बांधला. आता कळतं ते काय होतं. तापलेल्या जमिनीवरून झळा उठत होत्या. डांबरी रस्त्यावर लांब पाणी दिसतं ना, ती थरथर. आमच्या आणि तिच्या मधली सगळी हवाच उकळत होती, त्याला जगातली कुठलीही लेन्स काय करणार? पण आमच्या डोक्यात लेन्स, लेन्स आणि लेन्स. ऊन आम्हाला लागत होतं आणि तरी आम्हाला ऊन दिसलं नाही.

"अंतर कमी करू," तो म्हणाला. "मधली हवा कमी झाली की येईल शार्प. तसंही सहाशेच्या बरोबरीला पाचशे आणायची तर पुढं जायलाच लागतंय. प्राइममध्ये झूम आपल्या पायात असतो, प्राजे."

चाळीस पावलं. मग तीस. मग वीस. ती उठली. थोडी पळाली, उभी राहिली, ओरडली, परत आली, परत पळाली. एकदा उडून पाझर तलावाकडं गेली. जोडीतला दुसरा पक्षी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायचा. कोणता नर, कोणती मादी, आपल्याला कळत नाही, मी सगळ्यांना 'ती' म्हणते. आम्ही हललो की जास्त बुजेल म्हणून आम्ही हललोच नाही! केवढं शहाणपण! कापडाखाली घामानं थबथबून, मांडीला मुंग्या आलेल्या, आणि मनात असं की बघा आपण तिच्यासाठी किती सोसतोय.

तेवढ्यात मागून आवाज.

"काय वं, मोजणी करताय व्हय? अजून पवनचक्क्या यायच्यात का काय?"

सगुणामावशी. तिचं नाव नंतर कळलं. साठीच्या पुढची, डोक्यावर पदर, हातात काठी, मागं दहाबारा शेळ्या. ट्रायपॉड बघून तिला आम्ही जमीन मोजणारे वाटलो होतो.

"न्हाई मावशी," मंगेशदादा कापडातून डोकं काढत म्हणाला, "फोटो काढतोय. पाखराचा."

"पाखराचा? येवढ्या तोफंनं?"

"लांबचं जवळ दिसतंय ह्यातनं. बगा की."

तिनं वाकून डोळा लावला. "आगं बया! पापणी दिसतीया की." मग सरळ झाली, आम्हाला बघितलं, ट्रायपॉड ते घरटं अंतर बघितलं. "येवढं जवळ दिसतंय म्हनता, मग तुमी सारकं पुढं का सरकालाय?"

मी हसले. मला तो जोक वाटला. मंगेशदादा झळा, कन्व्हर्टर असं काहीतरी सांगायला लागला, तिनं ऐकलंच नाही.

"उठा आता. बाळंतीण हाय ती, तिच्या दारात नगा बसू. मी शेरडं चार दिस झालं लांबनं घालवतीया."

"दहाच मिनिटं मावशी. झालंच."

"दहा मिनिटं तुमी बसा की बिनटोपीचं उनात," ती म्हणाली, आणि शेळ्यांना हाळी देऊन लांबचा वळसा घालून गेली. सगळ्या शेळ्या एका रांगेत, घरट्यापासून लांब. मला त्या रांगेचा फोटो काढावा वाटला होता. काढला नाही, कार्डावर जागा कमी होती.

आम्ही उठलो तेव्हा बारा वाजायला आले होते. गाडीपाशी जाऊन दुर्बिणीतून बघितलं, ती आली, अंड्यांवर बसली. "बघ, आली की लगेच," मंगेशदादा म्हणाला. आम्ही सुटल्यासारखे हसलो आणि मायणीत जाऊन भेळ खाल्ली.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाणी गाळत होती. आम्ही जैन, आमच्याकडं पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही. नळाला पांढरं कापड बांधलेलं असतं, आणि गाळून झालं की आई ते कापड उलटं करून हलक्या हातानं खळबळून घेते, डोळ्याला न दिसणारे जीव त्यात असतील तर ते पाण्यात परत जावेत म्हणून. लहानपणी मी तिची चेष्टा करायचे, "आई, आत्ता किती वाचले?" त्या दिवशी तिनं तांब्या पुढं केला आणि विचारलं, "मिळाला का गं फोटो?" मी घटाघटा पाणी पिऊन म्हणाले, "आई, डोळ्यात क्षितिज आलंय क्षितिज!"

त्याच संध्याकाळी पोस्ट टाकली. शेजारी शेजारी फोटो, गोल करून दाखवलेले डोळे, तक्ता, टिपा. पोस्ट अशी पळाली, अशी पळाली! पुण्याचे लोक, नागपूरचे लोक, सगळे वा वा. आणि मधेच एकानं, नाव पण आठवत नाही आता, साधंच विचारलं होतं: घरट्याला त्रास नाही ना झाला?

मी लगेच लिहिलं: अजिबात नाही, लांबून घेतलेत! पुढं हसरा चेहरा.

आयुष्यात इतक्या वेगानं मी काही टाइप केलं नसेल. खोटं बोलायचं म्हणून नाही लिहिलं. खरं काय होतं ते बघायला थांबलेच नाही, एवढंच. पण ह्या दोन गोष्टींमध्ये फरक किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मे महिन्याच्या मध्यावर मी एकटीच गेले. पिल्लांचे फोटो काढायला, हो, पिल्लांचे. माळटिटवीची पिल्लं म्हणजे कापसाच्या बोळ्याला काड्या लावल्यासारखी, जन्मल्या दिवशी पळतात. माळ आता करपलेला होता. बाभळीखाली सगुणामावशी बसली होती, एका शेळीच्या कानातली गोचीड काढत.

"ती बसलीया अजून," तिनं मी न विचारताच सांगितलं.

"अजून? निघाली नाहीत पिल्लं?"

"न्हाई. वडाखालच्या शेतातल्या टिटवीची पळाय लागली. खालच्या अंगाची पळाली. ही उठंना. सकाळी बसलेली, सांजच्याला बसलेली."

"कशानं मावशी?"

"आता मी काय सांगू बाय? साप म्हनावं तर अंडी हायती तिथंच. ऊन लागलं आसंल." ती माझ्याकडं बघत नव्हती. शेळीचा कान उलटा करून बघत होती. "तिला कोन सांगणार, आता ऊठ म्हणून?"

मी लांबूनच दुर्बिणीतून बघितलं. त्या दिवशी मी खरंच लांब थांबले. ती बसलेली होती, चोच उघडी, पंख थोडे उचललेले, खालच्या गार झालेल्या, नाही, गरम झालेल्या, काय म्हणायचं त्यांना, त्या चार दगडांवर सावली धरून. मी कॅमेरा बॅगेतून काढला नाही. घरी येईपर्यंत बेदाण्याच्या शेड कधी गेल्या ते कळलं नाही.

मंगेशदादाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, कशावरून आपल्यामुळं? उन्हाळाच तसला होता. कितीतरी घरटी जातात." आणि हे खरंच आहे. त्या अंड्यांचं काय झालं हे मला आजही माहीत नाही, कधी कळणारही नाही. कधी कधी वाटतं, नक्की कळलं असतं तर बरं झालं असतं. हो म्हणून कळलं असतं तरी. 'कदाचित' हा शब्द फार वाईट आहे. तो झळांसारखाच, मधे उभा राहतो आणि कशावरच फोकस होऊ देत नाही.

त्यानंतर आमचं हळूहळू बोलणं कमी झालं. भांडण नाही, काही नाही. तो लग्नांमध्ये बिझी, मी नोकरीत. मायणीचा चहा राहिलाच. आणि मी मात्र लोकांना उत्तर देत राहिले. प्राइम घेऊ का झूम? तर बघ, प्राइममध्ये आत हलणारी भिंगं कमी, म्हणून ती जास्त स्वच्छ दिसते, अंधुक उजेडात चालते, मागचं सगळं मऊ करून टाकते. पण पक्षी जवळ आला तर ती मागं सरकत नाही, तुलाच सरकावं लागतं. झूम शेवटच्या टोकाला थोडी मऊ पडते, अ‍ॅपर्चर आठवर ठेव, फरक शोधायला भिंग लागेल. सगळं बरोबर. एकेक शब्द बरोबर. आणि प्रत्येक वेळी पाठवलं की फोन उलटा ठेवायचे, कारण मी हे कुठं शिकले ते त्यात नसायचं. मी मे महिन्याबद्दल कुणालाच सांगितलं नाही. टीप काढली नाही. काढली तर कुणीतरी विचारेल ना, का काढली?

काल दुपारी दोन वर्षांनी ते फोल्डर उघडलं. ऋतुजाला काहीतरी सांगायचं तर आधी मला नीट बघायला पाहिजे होतं. फोटो वेळेप्रमाणे लावले. पहिली गोष्ट दिसली ती अशी की टेस्टचा सगळा निकाल, पोस्टमध्ये टाकलेला एकूण एक फोटो, पहिल्या बारा-पंधरा मिनिटांतला आहे. सगळाच्या सगळा! पुढचे चार तास काढलेलं काहीच वापरलेलं नाही. सगळं लिबलिबीत, टाकाऊ. तक्त्यातले निम्मे रकाने आम्ही नंतर रिकामेच सोडले होते.

मग मी पुढं गेले, त्या टाकाऊ फोटोंमध्ये. अकराच्या आसपासचे तेवीस फोटो आहेत ज्यात ती घरट्याबाहेर उभी आहे, आमच्याकडं तोंड करून. आम्ही वीस पावलांवर आलो होतो तेव्हाचे. मी सवयीनं डोळा मोठा केला. डोळा धुरकट. आणि मग, का कोण जाणे, फोटो खाली सरकवला.

पोट ओलं होतं.

पांढरी पिसं एकमेकांना चिकटून टोकं झालेली, आणि एका टोकाला थेंब. मी नंतर कधीतरी वाचलं होतं की ह्या टिटव्या उन्हात पाण्यावर जाऊन पोट भिजवतात आणि येऊन अंड्यांवर बसतात, अंडी गार करायला. वाचलं होतं आणि विसरले होते, का विसरायचं ठरवलं होतं, माहीत नाही. ती तलावावर गेली होती ती त्यासाठी. पाणी घेऊन आली होती आणि दारात आम्ही. पुढचा फोटो, तशीच उभी. पुढचा, तशीच. मधे मधे माझ्या झूमचे फोटो आहेत, त्यात पोटावर नुसता एक मळकट डाग दिसतो, सावली म्हणून सोडून देता येईल असा. प्राइमच्या फोटोंत तसं सोडून देता येत नाही. एवढ्या झळांतूनसुद्धा, फोकस डोळ्यावरून घसरून पोटावर बसला तिथं, त्या लेन्सनं पीस न् पीस दाखवलंय. हाच तो फरक, जो मी दोन वर्षं लोकांना समजावतेय.

मंगेशदादाला फोन लावला. खूप दिवसांनी. मागं बँडचा आवाज, कुठल्यातरी लग्नात होता. सांगितलं सगळं, ऋतुजाचं, फोटोंचं. तो बाजूला गेला, बँड लांब झाला.

"माझ्याकडच्या कॉपीज मी डिलीट केल्यात," तो म्हणाला.

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

"दादा, म्हणजे तू बघितलेलं?"

"बघितलेलं. तुला दिसलं नसेल तर कशाला, असं वाटलं." बँड परत जवळ यायला लागला. "सांग त्या पोरीला. माझं नाव घे, नको घेऊ, तुला वाटेल तसं. पण रविवारच्या आत सांग."

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. 'घरट्यावर जाऊ नका' असं लिहिलं की ती म्हणणार, पण ताई तू गेलेलीस ना? 'आम्ही लांबून घेतले नव्हते' असं लिहिलं आणि पुढं बोट चालेना, कारण ते वाक्य तिच्याकडून कुठं कुठं जाईल ते मला दिसत होतं. पुण्याचे लोक. नागपूरचे लोक. घरी, आई. ह्या सगळ्यांना मी 'डोळ्यात क्षितिज' वाली पोरगी आहे. आणि तिकडं मिरजेच्या पुढं कुठल्यातरी खळग्यात चार अंडी आहेत ज्यांना रविवारपर्यंत वेळ आहे.

शेवटी आज सकाळी शब्द सोडून दिले. तेवीसच्या तेवीस फोटो पाठवले, ओळीनं.

दोन मिनिटांत उत्तर. "ताई!!! हा पाचवा कुठल्या लेन्सचा?? एवढ्या उन्हात काय डिटेल आलंय!!!"

मला रडू आलं आणि हसूही, आणि खूप राग, तिचा नाही. मीच ती. शब्द न् शब्द मीच.

मी लिहिलं, प्राइमचा आहे. आणि डोळा नको बघूस, पोट बघ. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांत फक्त पोट बघ.

दहा मिनिटांनी फोन वाजला. मेसेज नाही, फोन. ऋतुजा कधी फोन करत नाही.

"ताई," तिचा आवाज एकदम हळू. "पोट ओलं आहे ना गं पहिल्यात? थेंब आहे."

"हो."

"अंड्यांसाठी आणलंय ना तिनं पाणी? मी वाचलंय ते."

"हो."

"मग शेवटच्या फोटोत कोरडं कसं झालंय? ती तर बसलीच नाही अजून."

माझ्यासमोर पहिल्या फोटोची वेळ होती आणि तेविसाव्या फोटोची वेळ होती. कालपासून मी दोन्ही बघत होते, पण वजाबाकी केली नव्हती.

"चाळीस मिनिटं, ऋतुजा," मी म्हणाले. "चाळीस मिनिटं ती तशीच उभी होती. आणि आम्ही तिच्यासमोर बसून लेन्स बदलत होतो."